प्रोजेक्टर, पऱ्हाटी आणि बाबा

मागच्या नोव्हेंबरातली गोष्ट. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर सिक्युरिटीवाल्या काकांनी एक खोकं हातात ठेवलं. प्रोजेक्टर! छोटा, पोर्टेबल, साधारण दोन तांब्याभांडी शेजारी ठेवली तर जेवढी होतील तेवढा. रूममेटने विचारलं, "ऑफिसच्या प्रेझेंटेशनसाठी?" मी "हो" म्हणून टाकलं. प्रेझेंटेशनसाठीच होता, फक्त ऑफिसच्या नाही. ते पुढे येईलच.

नवीन वस्तूचं खोकं उघडण्यात एक वेगळंच सुख असतं, नाही का? आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत तो पांढरा डबा. सोबत अडॅप्टर, रिमोट (सेल नसलेला, अर्थात), हाताच्या बोटाएवढा ट्रायपॉड आणि सहा भाषांतलं माहितीपत्रक. त्या सहांत मराठी नाही, हे सांगायला नकोच. एचडीएमआय केबल? ती नव्हती. ती शेवटी जुन्या मॉनिटरची काढली.

खोक्यावर भल्यामोठ्या अक्षरांत '9000 लुमेन' लिहिलं होतं. मी खूश. मग माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात सापडलं : 400 अँसी लुमेन. म्हणजे काय ते सांगते, कारण मंडळी, तुम्हीही फसाल. खोक्यावरचे नुसते लुमेन कुठे, कसे मोजले हे कोणी विचारत नाही. अँसीच्या पद्धतीत पडद्याचे नऊ सारखे भाग करतात, प्रत्येक भागात प्रकाश मोजतात, त्यांची सरासरी काढतात आणि तिला पडद्याच्या क्षेत्रफळाने गुणतात. पडद्यावर जे खरंच पोचतं ते हे. तर माझे नऊ हजार एका रात्रीत चारशे झाले. पगाराच्या सीटीसी आणि इनहँडसारखं :)

असो. हॉलच्या भिंतीसमोर लावला. याचा थ्रो रेशो 1.2, म्हणजे चित्र जेवढं रुंद हवं त्याच्या 1.2 पट लांब ठेवायचा. शंभर इंची चित्र साधारण 221 सेंटीमीटर रुंद असतं, म्हणजे यंत्र भिंतीपासून 265 सेंटीमीटरवर, पावणेनऊ फुटांवर. ट्रायपॉड बुटका, म्हणून खाली दोन डेटा स्ट्रक्चर्सची पुस्तकं ठेवली. कॉलेज संपल्यावर त्यांचा पहिला उपयोग! यंत्र तिरकं ठेवलं की चित्राचा पतंग होतो. तो सरळ करायला कीस्टोन नावाची सोय असते, पण ती काही जादू नाही. ती चित्र आतल्या आत कापून चौकोन करते, त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं मऊ पडतात. म्हणून आधी यंत्र सरळ करा, कीस्टोन शेवटी. आणखी एक : फोकस लगेच करू नका. यंत्र गरम होता होता फोकस सरकतो. पंधरा मिनिटं चालू ठेवा, मग करा. मी तीनदा करून मग शहाणी झाले.

दिवे बंद केले आणि भिंतीवर आली एक अळी. गुलाबी. सात फूट लांब. रूममेट किंचाळली.

आता खरं कारण.

माझं घर मलकापूरचं, बुलढाणा जिल्ह्यातलं. मुंबई-नागपूर रेल्वेलाईनवर भुसावळच्या पुढे, शेगावच्या अलीकडे. पुण्यात मलकापूर सांगितलं की लोक "कऱ्हाडजवळचं का?" म्हणतात. नाही हो, हे कापसाचं मलकापूर. जिनिंगच्या पट्ट्यातलं. बाबा तिथेच कृषी सहायक होते. तीस वर्षं मोटरसायकलवर गावोगाव फिरले, कॅरिअरला गुंडाळलेले तक्ते बांधून. पारावर तक्ता टांगायचा आणि बोलायचं. बाबा बोलायला लागले की लोक बिडी विझवायचे, असं काका सांगतो. लहानपणी मला ते कौतुकाचं वाटायचं, दहावीत कंटाळवाणं, आणि इंजिनिअरिंगला थोडं लाजिरवाणंही. खोटं कशाला बोलू.

दोन वर्षांपूर्वी बाबांना लकव्याचा झटका आला. सौम्य होता, वेळेवर उपचार झाले. उजवा हात बराचसा परत आला, चालणं काठीवर आलं. पण बोलणं जड झालं. कळतं सगळं, पण शब्द ओढत येतात, आणि काही अक्षरं तर येतच नाहीत. 'ळ' गेला. यावर त्यांनीच विनोद केला होता, "गेला तं गेला. आपल्याकडं तसाई 'ळ' म्हणते कोण?" (आमच्याकडे अळीची 'अयी' आणि केळीची 'केयी' होते.) विनोद एकदाच केला. त्यानंतर घराबाहेर चारचौघांत ते बोललेच नाहीत. लग्नाला जायचं, मान हलवायची, परत यायचं. फोनवर तर "घे, आईशी बोल" एवढंच.

दिवाळीनंतर गावाकडून काकाचा फोन आला. आमचं गाव मलकापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर, तिथे काका वाहितो. म्हणाला, "दादा, पोट्टे आयकत नाईत. यंदा सारे फरदड घेऊन राह्यले. तू एकडाव येऊन सांग ना." बाबांनी मान हलवली. नाही.

फरदड म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला हवं. कापसाच्या मुख्य वेचण्या डिसेंबरपर्यंत संपतात. पण पऱ्हाटी उभीच ठेवली आणि एक-दोन पाणी दिलं, तर तिला पुन्हा पात्या-बोंडं धरतात आणि मार्चपर्यंत थोडा कापूस आणखी निघतो. ती फरदड. फुकटचा कापूस वाटतो. पण गुलाबी बोंडअळी फक्त कापसावर जगल्यासारखीच जगते. शेत रिकामं झालं तर तिची उपासमार होते आणि तिचं चक्र तुटतं. फरदड ठेवली तर तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जेवण मिळतं, आणि उरलेल्या बोंडांत, सरकीत ती झोपून राहते, थेट पुढच्या हंगामापर्यंत. 2002 मध्ये आपल्याकडे बीटी कापूस आला आणि 2006 मध्ये दोन जनुकांचा. तेव्हा वाटलं होतं, बोंडअळी संपली. पण ही गुलाबी बाई दोन्ही जनुकांना पुरून उरली. 2017 साली विदर्भात काय झालं ते बातम्यांत तुम्हीही वाचलं असेल. बाबांनी ते वावरात उभं राहून पाहिलं. त्या वर्षी ते घरी आले की जेवायचे आणि न बोलता झोपायचे.

तर मी, आयटीवाली, मला सुचलं काय? बाबांना बोलता येत नाही ना, मग स्लाइड्स बोलतील! मी प्रोजेक्टर मागवला आणि चार रात्री जागून एकतीस स्लाइड्स केल्या. अॅनिमेशनसकट. अळी सरपटत यायची, बोंड उघडायचं. वर माझा आवाज रेकॉर्ड केलेला. बाबांना फक्त बसायचं होतं. मला वाटत होतं की मी त्यांच्यासाठी केवढं करते आहे.

शुक्रवारी रात्रीची महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली. प्रोजेक्टर उशाशी, सॅक पायाशी. सकाळी मलकापूरला उतरले तर बाबा स्टेशनवर, काठी घेऊन. खोक्याकडे बघून म्हणाले, "किती... पडले?" मी निम्मी किंमत सांगितली. (ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे.)

दुपारी घरी स्लाइड्स दाखवल्या. बाबांनी सगळ्या शांतपणे पाहिल्या आणि लाल पेन मागितलं. मी प्रिंट काढून आणले होते. डाव्या हाताने एकेक पान खोडत गेले. अॅनिमेशन गेलं. आलेख गेले. शास्त्रीय नाव, पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, ते तर पहिल्याच फटक्यात. माझ्या आवाजापाशी थांबले. काही बोलले नाहीत, पण पेन तिथेही फिरलं. एकतीसच्या सहा उरल्या. मला राग आला. आई म्हणाली, "तीस वर्स केलं माय त्यांनी हेच."

रविवारी सकाळी अकराची सभा, मारुतीच्या सभामंडपात. पंचवीस-तीस माणसं आली. मी टेबल लावलं, वायर ओढली, बटण दाबलं... आणि भिंतीवर काहीही नाही. म्हणजे होतं, पण जवळ जाऊन डोळे बारीक केले तर. एक पोरगं म्हणालं, "ताई, चालू तं करा!"

मी गर्दीसमोर घामाघूम. नंतर हिशोब केला, तोच आधी करायला हवा होता. शंभर इंची चित्राचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. चारशे लुमेन भागिले पावणेतीन, म्हणजे साधारण 145 लक्स. मोबाइलच्या ॲपने भिंतीवरचा उजेड मोजला तर 1800 च्या आसपास. म्हणजे भिंतीवरचा 'काळा' 1800 आणि 'पांढरा' 1945. फरक आठ टक्के! प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, हे आपण विसरतो. तो फक्त उजेड टाकतो. त्याचा काळा म्हणजे तुमची भिंत आधीच जेवढी उजळ आहे तेवढा. माझ्या पुण्याच्या हॉलमध्ये रात्री पडदे ओढून केलेली टेस्टिंग आणि सभामंडपातलं प्रॉडक्शन... पुढचं आयटीवाल्यांना सांगायला नको.

लोक उठायला लागले. दोघे-तिघे आजोबा लॅपटॉपपाशी आले, त्यांना त्यावरच फोटो दाखवला. एकाने चष्मा वर केला, खाली केला. "हे आपल्याकडली अयी नाई माय. हे पऱ्हाटीच येगळी दिसते." खरंच होतं. फोटो इंटरनेटवरचा, कुठल्या देशातला कोण जाणे.

तेवढ्यात मागून आवाज आला. जड, ओढलेला, पण मोठा.

"संध्याकायी... या. सात वाजता. अंधार... पडला की."

बाबा उभे होते. मंडपात एकदम शांतता. दोन वर्षांत चारचौघांत बोललेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही माझ्या चुकीपायी! आई माझ्याकडे बघत होती, मी वायर गुंडाळत होते. आणखी काय करणार?

दुपारी बाबा मला काकाच्या वावरात घेऊन गेले. काठी टेकत, धसकटं चुकवत. कोपऱ्यातले कामगंध सापळे तपासले. त्यांत मादीच्या गंधाची गोळी असते, नर पतंग येऊन अडकतात. एका सापळ्यात रोज आठ किंवा जास्त पतंग, सलग तीन रात्री, म्हणजे धोक्याची घंटा. मग बाबा म्हणाले, "वीस... तोड." वावरात आडवंतिडवं फिरून, वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं. निवडून नाही, हाताला येतील ती. ओट्यावर बसून एकेक फोडलं. वीसांत दोन किडकी निघाली तर दहा टक्के, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली. बाहेरून प्रत्येक बोंड ठणठणीत दिसत होतं, कारण अळी बारीक असताना आत शिरते आणि भोक भरून येतं. तिसऱ्या बोंडात निघाली. गुलाबी, जिवंत. मग सहाव्यात. मग लागोपाठ. वीसांत सात.

काका तिथेच बसला होता. तो काही बोलला नाही. मी फोटो काढले. बोंडाशेजारी बाबांचा अंगठा, आकार कळावा म्हणून. हे बाबांनीच सुचवलं. सहा स्लाइड्समधल्या चार बदलल्या.

संध्याकाळी काकाच्या घराची चुन्याची भिंत. पंधरा मिनिटं आधी यंत्र लावलं, गरम होऊ दिलं, मग फोकस. सात वाजता माणसं आली, सकाळपेक्षा जास्तच, बायाही. आणि बरोबर सात वाजून पाच मिनिटांनी लाईट गेली :)

प्रोजेक्टरला बॅटरी होती, पण बॅटरीवर प्रकाश निम्मा होतो. चारशेचे दोनशे. या वेळी मात्र आधी हिशोब केला. चित्र शंभर इंचावरून सत्तर इंचावर आणलं की क्षेत्रफळही जवळजवळ निम्मं होतं. उजेड निम्मा, जागा निम्मी, म्हणजे तेज तेवढंच! टेबल तीन फूट पुढे सरकवलं. लोकांना म्हटलं, जवळ या. सगळे सरकून, दाटीवाटीने बसले. गावात मिट्ट काळोख, त्यामुळे चित्र सकाळी स्वप्नातही आलं नसतं असं लखलखीत.

भिंतीवर पहिलं बोंड आलं. शेजारी तो अंगठा.

"कोणाचं... वावर?" बाबांनी विचारलं.

"माह्यं," काका म्हणाला.

मग बाबा बोलले. एका चित्राला चार-पाच शब्द. काठी उचलून भिंतीवरच्या अळीवर ठेवायची, तिची लांब सावली चित्रावर पडायची, आणि शब्द येईपर्यंत काठी तिथेच. लोक थांबत होते. शब्द अडला तर पुढचा माणूस तो पुरवत होता. बाबा "डोम..." म्हणून अडले तर तिघे एकदम "डोमकयी!" म्हणाले. (अळीने पाकळ्या आतून शिवून टाकल्यामुळे न उमलणारं, गुलाबाच्या कळीसारखं दिसणारं फूल.) माझं रेकॉर्डिंग असतं तर ते कुणासाठी थांबलं नसतं.

मला त्या वेळी शांबरिक खरोलिका आठवली. 1890च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी आपल्या मुलांसह काचेवर हाताने चित्रं रंगवून, दिव्याच्या उजेडात पडद्यावर मोठी करून त्यांचे खेळ केले होते. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला 1913 मध्ये, त्याच्या कितीतरी आधी. शंबर हा मायावी असुर, म्हणून 'शांबरिक' म्हणजे मायेची. तिथेही चित्रासोबत बोलणारा माणूस असायचाच. पॉवरपॉइंट आलं 1987 साली. त्यानंतर केव्हातरी आपण सगळं बोलणं स्लाइडवरच लिहायला लागलो, आणि माणूस नुसता बटण दाबायला उरला. मी तर बाबांना बटण दाबायलाही ठेवलं नव्हतं.

शेवटी काकाच उठला. "दादा, सगयं पटते. पण फरदडीचा दोन क्विंटल तं दोन क्विंटल, येतो ना? पोरीचं लगन हाय."

आता बाबा त्याला समजावतील असं मला वाटलं. त्यांनी नाही समजावलं. म्हणाले, "हिशोब... कर. पाणी. फवारनी. वेचाईची मजुरी. अन् कवडीचा... भाव." कवडी म्हणजे किडका, पिवळट, चिकटलेला कापूस. त्याला व्यापारी काय देतो ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग म्हणाले, "मंग उरते... ते तुह्यं. पण पुढच्या साली... साऱ्यायचं जाते." बस. शेवटची स्लाइड होती : कापूस डिसेंबरअखेर संपवा, शेळ्या-मेंढ्या चरायला सोडा, पऱ्हाटी उपटून टाका. ती त्यांनी वाचूनही दाखवली नाही. लोकांनीच वाचली.

काका म्हणाला, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे हो पण असतं आणि नाही पण.

परतताना जीपमध्ये बाबा दमून झोपले. घरी पोचल्यावर म्हणाले, "लई... बोल्लो." मी म्हटलं, "बाबा, मी सकाळी माती केली ना." ते म्हणाले, "मीबी पयल्या सभेत... तक्ता उलटा टांगला होता." तीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

जानेवारीत काकाचा फोन आला. चार एकरांतली दोन एकर पऱ्हाटी उपटली, दोन ठेवली. लग्न आहे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अर्धं... तं अर्धं." सुखांत नाही हा, माहीत आहे मला. अळीला दोन एकरही पुरतात. पण मला दोष देता येत नाही. लग्नाचा खर्च माझ्या एक्सेलमध्ये नव्हताच.

प्रोजेक्टर मी पुण्याला परत आणलाच नाही. तो मलकापूरला आहे, कपाटात, त्याच्या खोक्यात. ऑफिसात मोठा टीव्ही आहे, काम चालतं. बाबा आतापर्यंत आणखी तीन गावांत गेले. बोलणं जडच आहे, 'ळ' अजून परतलेला नाही. परवा घरी गेले तेव्हा खोकं बघितलं. '9000 लुमेन' वर लाल पेनाने काट मारली होती आणि खाली डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं :

'अंधार पडल्यावर. 15 मिनिटे आधी लावणे. फोटो त्याच गावचे.'

माझ्या एकतीस स्लाइड्सपेक्षा चांगलं मॅन्युअल आहे. आणि मराठीतही!